भैरव मिस्त्रीची लाथ

चिंतामण भोंडव्याच्या मते सबंध इंदुरात कामाची माणसं दोनच होती. एक तो स्वतः आणि दुसरा भैरव मिस्त्री. यातला दुसरा सिनेमातला, म्हणजे खरं पाहता नव्हताच, पण त्याने चिंतामणच्या मताला बाधा येत नसे. बाकी सगळे फालतू. मिलचा मालक फालतू, कारण त्याने चालती मिल बुडवली. युनियनचे पुढारी फालतू, कारण मिल बुडत होती तेव्हा ते गळ्यात हार घालून फोटो काढून घेत होते. दिल्लीचं सरकार फालतू, कारण त्याने परदेशी कंपन्यांना पाट मांडून बसवलं आणि इथले साचे भंगारात काढले. मेहुणा तर जन्मतःच फालतू. आणि टीव्हीवर काळ्या थंड पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन उड्या मारणारी जी नवी जमात निघाली होती, तिच्यासाठी चिंतामणकडे एक खास शब्द होता, पण तो चारचौघांत लिहिण्याजोगा नाही.

एवढा तिरस्कार पोसायला माणसाला फुरसत लागते आणि ती त्याला भरपूर होती. तो मिलच्या साचेखात्यात जॉबर होता, म्हणजे कापड विणणाऱ्या साच्यांच्या रांगा आणि त्यांच्यावरची माणसं, दोन्ही त्याच्या ताब्यात. साचा अडला की मोठ्या साहेबालाही ‘भोंडवेला बोलवा’ असं म्हणावं लागे. मग एका डिसेंबरात फाटकाला कुलूप लागलं. ‘लवकरच सुरू होणार’ असं तेव्हा सगळे म्हणाले आणि तिसरं वर्ष लागलं तरी म्हणतच होते. चिंतामण रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून फाटकासमोरच्या निंबाखाली जाऊन बसे. त्याच्यासारखे आणखी बरेच जण येत. भोंगा वाजत नव्हता, पण उशिरा येणाऱ्याकडे बाकीचे अजून डोळे वटारून बघत.

घर चालत होतं मुलाच्या पगारावर. नीरज शहराबाहेर पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका नव्या कारखान्यात कंत्राटावर लागला होता. उजाडायच्या आत कंपनीची बस येई आणि हा निळा शर्ट घालून, छातीवर नावाची प्लॅस्टिकची पट्टी लावून निघे. चिंतामणने तो कारखाना एकदा बाहेरून पाहिला होता. धूर नाही, भोंगा नाही, युनियन नाही आणि पुढे हिरवळ. “फॅक्टरी आहे का बगीचा?” एवढंच तो म्हणाला होता. त्या पगाराच्या पोळ्या तो दोन्ही वेळा खात असे, पण त्या पगाराबद्दल बरा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही.

आता भैरव मिस्त्री. वीसेक वर्षांपूर्वी या नावाचा एक हिंदी सिनेमा आला. एका कारखान्यातला काजळलेला मिस्त्री, खांद्यावर हातभर लांब पाना, डोक्याला लाल फडकं. बंद पडलेल्या यंत्राला त्याने एक लाथ घातली की यंत्र सुरू होई, आणि गुंडाला एक लाथ घातली की गुंड कायमचा बंद पडे. कथा म्हणून एवढीच. ती इतकी चालली की तिच्यामागून आणखी तीन आल्या आणि चारांतही तेच झालं. शिकलेली माणसं या सिनेमांना हसत. मिलमधली माणसं मात्र पहिल्या दिवशी पहिला खेळ बघत आणि टॉकीजवर सिनेमाच्या रिळांची पेटी उतरली की तिला हार घालून नारळ फोडत. नारळ फोडण्याचा मान चिंतामणचा. तो त्याला कोणी दिला होता हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

आणि मग अनंत चतुर्दशी. त्या दिवशी इंदुरात मिलच्या झांक्या निघतात. ट्रॅक्टरने ओढायच्या ट्रॉल्यांवर बांबू, कापड, दिवे आणि मोटारी लावून हलते देखावे उभे करायचे आणि गणपतीबरोबर शहरभर, राजवाड्यावरून मिरवायचे. मिली बंद पडल्या, झांक्या पडल्या नाहीत. कामगार दारोदार वर्गणी मागून त्या काढत राहिले. चिंतामणच्या मिलच्या तीन ट्रॉल्या. पहिलीवर गणपती, दुसरीवर राम नाहीतर कृष्ण, आणि तिसरीवर भैरव मिस्त्री. बाकीच्या मूर्ती भुशाच्या आणि कापडाच्या असत. भैरव मात्र जिवंत असे. लाल फडकं बांधून, पाना खांद्यावर टाकून चिंतामण स्वतः उभा राही.

वर्षभर ज्याला रस्त्यात कोणी ओळखत नव्हतं त्याला त्या दिवशी गच्च्यांवरून, गॅलऱ्यांतून पोरं हाका मारत. “मिस्त्री! ओ मिस्त्री! एक लात!” मग चिंतामण लाथ घाली आणि गल्ली दणाणून जाई. मिल गेल्यापासून त्याच्यापाशी काम म्हणून हे एवढंच उरलं होतं. हे गेलं तर आपण कोण, हा विचार त्याला अधूनमधून येई. असले विचार करणारी माणसं फालतू असतात, असं स्वतःला बजावून तो विषय मिटवत असे.

त्या वर्षी श्रावणात मल्हारगंजातल्या एका भिंतीवर नवं पोस्टर लागलं. चिंतामण आणि रामभाऊ ते बघायला मुद्दाम चालत गेले. रामभाऊ हा झांकीच्या कमिटीचा सेक्रेटरी, मिलमध्ये घडीखात्यात होता, कापडाच्या घड्या घालता घालता स्वतःही मऊ पडलेला. पोस्टरवर पुढे एक पोरगा. पिवळं जाकीट, काळा चष्मा, कानात वॉकमनची वायर, मोटरसायकलवर तंगडी टाकून बसलेला. त्याच्यामागे, त्याच्या खांद्याएवढा, भैरव मिस्त्री. खाली नाव होतं ‘भैरव मिस्त्री की आखरी पाली’, म्हणजे शेवटची पाळी.

“हे काय आहे?” चिंतामणने विचारलं.

“नवीन पिक्चर आहे, यार. गणपतीच्या तोंडावर येऊन राहिला.”

“ते वाचलं मी. अनपढ नाही. हा छोरा कोण?”

“टोनी. नवीन कॅरेक्टर आहे म्हणे. भैरवचा शागिर्द.”

“भैरवला शागिर्द कशाला? वीस साल एकट्याने निभावलं ना त्याने?”

“उमर झाली ना आता त्याची. कोणी जवान पाहिजे बोलतात, नाहीतर कॉलेजची पोरं पाहायला येत नाहीत.”

चिंतामण भिंतीपाशी थुंकला आणि म्हणाला, “शागिर्द-बिगिर्द काही नाही. हा बदली आहे.”

बदली म्हणजे कायमचा माणूस गैरहजर राहिला की त्या दिवसापुरता त्याच्या साच्यावर उभा करायचा उमेदवार. अशी पोरं रोज फाटकापाशी ताटकळत, आज कोण आजारी पडलंय याची वाट बघत. कायमच्या लोकांना त्यांचा कमालीचा राग. तापाने फणफणलेला माणूससुद्धा पांघरूण फेकून कामावर येई, बदलीवाल्याचा हात आपल्या साच्याला लागू नये म्हणून. एकदा लागला की साहेबाच्या मनात येणार, हा पोरगा बरा आहे की, म्हाताऱ्याला घरी बसवू. नावच ‘आखरी पाली’. चिंतामणला सगळा डाव त्या भिंतीवर स्पष्ट दिसत होता. या सिनेमात भैरव मरणार, नाहीतर लंगडा होणार, आणि जाताना पाना त्या माकडाच्या हातात देणार. पुढच्या वर्षी झांकीवर भैरव कोणाला पाहिजे? पोरं ओरडणार ‘टोनी, टोनी’, आणि कमिटी कुठलातरी केसांना तेल न लावणारा दिवटा पकडून आणणार.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली त्याने सभा घेतली. सभा घ्यायला मिलवाल्यांना कारण लागत नाही, माणसं लागतात, आणि ती रोज तिथेच असत.

“भाइयों,” चिंतामण म्हणाला, “आज भैरववर बदली आणला. काल आपल्यावर आणला होता. तेव्हा आपण चुप बसलो. आता ठराव करा. हा पिक्चर आपल्या मिलचा एकही माणूस पाहणार नाही. बायकापोरंसुद्धा नाही. जो पाहील तो फुटीर.”

फुटीर म्हणजे संप चालू असताना मागच्या दाराने कामावर जाणारा. मिलमध्ये याहून घाण शिवी नव्हती. काही संपफोड्यांच्या मुलींची लग्नं पुढे वर्षानुवर्षं अडली होती. असा शब्द उच्चारल्यावर कोण हात खाली ठेवणार? सगळ्यांनी हात वर केले. रामभाऊने केला, रंगखात्यातला कृष्णराव, जो झांकीच्या मूर्ती रंगवत असे, त्याने केला. ज्याला काय ठराव आहे हे ऐकू आलं नव्हतं त्यानेही केला. सिनेमातल्या एका पात्राविरुद्ध बंद मिलच्या कामगारांनी बंद फाटकासमोर एकमताने बहिष्कार पुकारला. हे सगळं त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने केलं, हे विशेष.

घरी नीरज म्हणाला, “बाबा, पिक्चर येऊ तर द्या. देखे बगैर कसं काय बोलता?”

“मला पाहायची जरूरत नाही. पीथमपूरला जातात तसलाच एक आहे. जाकीट घालतो, गिटपिट करतो, कामाच्या नावाने शून्य. तुझा भाऊ शोभेल.” आणि त्या दिवसापासून त्याने मुलाचं नावच टोनी ठेवलं. “टोनी, पाणी आण.” “टोनीसाहेबांची बस आली का?” यशोधरा, म्हणजे त्याची बायको, एकदा म्हणाली, “अहो, कमावता मुलगा आहे, असं काय टाकून बोलता?” त्यावर त्याने तिला बहिष्काराचा ठराव तुलाही लागू आहे याची आठवण करून दिली.

झांकीचा प्रसंग कोणता घ्यायचा हे चिंतामणनेच ठरवलं. सिनेमा लागायच्या आधीच. मोठा थोरला बॉयलर, त्याचं उघडं तोंड, आत लाल दिवे आणि पंख्याने फडफडणाऱ्या कापडाच्या ज्वाळा. बॉयलरच्या तोंडाशी पिवळ्या जाकिटातला टोनी, आणि मागून भैरव मिस्त्रीची लाथ. टोनी आगीत. पट्टा फिरला की टोनी पुन्हा बाहेर आणि पुन्हा लाथ. पोस्टरच्या कोपऱ्यात बॉयलरचं चित्र होतं, तेवढ्या आधारावर हा सारा प्रसंग चिंतामणने आपल्या मनाने रचला होता. सगळ्या शहरादेखत टोनीला रोज नाही तरी एक दिवस मनसोक्त जाळायचं, आणि पोरांच्या तोंडून ‘मिस्त्री, एक लात’ वदवून घ्यायचं.

काम मात्र त्याने असं केलं की बघत राहावं. भंगारात निघालेल्या साच्याचा धोटा फेकायचा भाग त्याने मिळवला. साच्यात धोटा जसा हिसक्याने या टोकाकडून त्या टोकाला जातो, त्याच हिसक्याने टोनी बॉयलरमध्ये जाणार होता. नीरजने रविवारी झांकीच्या शेडमध्ये येऊन बघितलं आणि म्हणाला, “बाबा, एक स्विच लावून देतो तुमच्या पायाशी. पाहिजे तेव्हा मोटर बंद करता येईल.”

“भैरव मिस्त्रीला स्विच लागत नाही,” चिंतामण म्हणाला. “जा, तुझ्या बगीच्यात जा, टोनी.”

मग सिनेमा लागला. पेटीला हार पडला की नाही, नारळ कोणी फोडला, हे चिंतामणने विचारलं नाही. तो शेडमध्ये बॉयलरला पत्रा ठोकत होता. त्या आठवड्यात त्याला सगळीच माणसं जरा बिघडल्यासारखी वाटू लागली. यशोधरा शेजारच्या प्रेमलताबरोबर अन्नपूर्णेच्या देवळात जाऊन आली ती डोळे सुजवून. काय झालं विचारलं तर म्हणाली, उदबत्तीचा धूर गेला. नीरजला टोनी म्हटलं की पूर्वी तो मान खाली घालून निघून जाई, आता चक्क हसू लागला. निर्लज्जपणाही नव्या कारखान्यात शिकवतात, असं चिंतामणने ठरवलं.

शेडमध्ये तर कहरच. कृष्णरावने टोनीचा चेहरा रंगवला तो एखाद्या बाळकृष्णाचा असावा असा. चिंतामण म्हणाला, “डोळे लबाड कर.” कृष्णरावने दोनदा ब्रश टेकवून पाहिला आणि म्हणाला, “होत नाहीत, भोंडवे.” चाचणीसाठी मोटर लावली, टोनी आगीत पडला, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. एक जण बिडी ओढायला म्हणून बाहेर गेला तो परतलाच नाही. संध्याकाळी रामभाऊ जवळ आला आणि चाचरत म्हणाला, “चिंतामण, मी काय बोलतो. लातेच्या जागी भैरवने टोनीला हात दिला तर? मतलब, बाहेर ओढून राहिला असं?”

“का?”

“नाही, असंच. अच्छं दिसेल.”

“तू पिक्चर पाहिलास का?”

रामभाऊचा चेहरा पडला. “छे, छे. मी कशाला पाहू?”

“मग तुला काय माहीत काय अच्छं दिसेल? जा, वर्गणीचं पहा.”

रामभाऊ गेला. त्याच्यामागे बाकीचेही उठले. चिंतामण त्यांच्या पाठींकडे बघत मनात म्हणाला, ही अशी माणसं होती म्हणून मिल बंद पडली. मान हलवायला सगळे पुढे, आणि एक लाथ मारायची म्हटलं की पोटात गोळा.

अनंत चतुर्दशीला ऊन कलल्यावर ट्रॉल्या निघाल्या. पहिल्या दोन्हींचं ठीक होतं, लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. तिसरी वळणावर आली. लाल फडकं, खांद्यावर पाना, छाती पुढे. चिंतामणने गच्च्यांकडे नजर टाकली आणि पहिली लाथ घातली. टोनी हिसक्याने आगीत गेला.

कोणी ओरडलं नाही. ढोलवाल्यांचं वाजवणं तेवढं ऐकू येत राहिलं. चिंतामणला वाटलं, लोकांना नीट दिसलं नसेल. टोनी बाहेर आला, त्याने दुसरी लाथ आणखी जोरात घातली. एका गॅलरीतल्या बाईने कडेवरच्या मुलीचे डोळे हाताने झाकले. खालून कोणीतरी म्हणालं, “अरे, ये क्या कर रिया है बुढ्ढा?”

पुढच्या चौकात शिट्या सुरू झाल्या. त्या शिट्या कसल्या आहेत हे चिंतामणला ओळखता येत होतं, मालकाची गाडी फाटकातून निघायची तेव्हा त्याने स्वतः तशा मारल्या होत्या. “शरम कर, भिया!” “उतार दो इसको!” एक चप्पल आली आणि बॉयलरच्या पत्र्यावर आपटली. चिंतामणच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच ते. दोन आठवड्यांत या शहराने वीस वर्षांच्या भैरवला विकून खाल्लं आणि एका वॉकमनवाल्याच्या पायाशी बसलं. फालतू शहर. फालतू पोहे खाऊन फालतू सिनेमे बघणारे फालतू लोक. त्याने दातओठ खाऊन लाथ घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली.

तेव्हा ट्रॉलीच्या अगदी जवळ, बापाच्या खांद्यावर बसलेला एक लहान मुलगा रडायला लागला. चिडून नाही, हुंदके देऊन. रडता रडता तो चिंतामणकडे बोट दाखवून म्हणाला, “उसने तो तेरे को बचाया था!”

चिंतामणचा पाय हवेतच राहिला. पट्टा मात्र फिरत होता, टोनी लाथेवाचूनच आगीत गेला. ट्रॉलीशेजारून रामभाऊ चालत होता. चिंतामण कडेला वाकला.

“रामभाऊ, हे पोरगं काय बोलून राहिलं?”

रामभाऊ ढोलवाल्यांना उगाच ‘पुढे व्हा’ म्हणू लागला.

“रामभाऊ! तू पाहिलास का पिक्चर?”

“पाहिला,” रामभाऊ म्हणाला.

“कधी?”

“पहिल्या दिवशी, पहिला शो.” मग एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. “सगळ्यांनीच पाहिला रे. तिथे इंटरवलमध्ये एकमेकांना भेटलो, आणि शपथ घेतली की कोणी बोलायचं नाही. तू फुटीर म्हटला असतास. बॉयलर फुटणार असतो. भैरव बॉयलरच्या खोलीत अडकलेला. तो टोनी त्याला बाहेर ढकलतो आणि आतून दार लावून घेतो. दाराच्या पलीकडून बोलतो, ‘मिस्त्री, मेरी हाजरी लगा देना.’ बस. मग भैरव दारावर लाथा घालत बसतो, पण दार काही उघडत नाही. पूर्ण टॉकीज रडत होतं, चिंतामण. वहिनी पण होत्या.”

चिंतामण सरळ उभा राहिला. पट्टा फिरला आणि टोनी बाहेर आला, कृष्णरावने रंगवलेला तो भाबडा चेहरा दिव्यात चमकला. आतापर्यंत या गल्ल्यांतून काय दिसत आलं होतं ते चिंतामणला आता दिसलं. ज्याने जीव दिला त्यालाच भैरव मिस्त्री लाथेने आगीत ढकलतो आहे, पुन्हा पुन्हा, मिलच्या नावाने, मिलच्या कामगारांनी गोळा केलेल्या वर्गणीतून. आणि हे तो एकटा सोडून सबंध इंदुराला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला फालतू म्हणावं असं दुसरं कोणी जवळपास सापडेना.

टोनी हिसका घ्यायच्या बेतात होता. मोटर बंद करायला स्विच नव्हता. जनरेटर बंद करावा तर तिन्ही ट्रॉल्या अंधारात जाणार, आणि मागे दुसऱ्या मिलच्या झांक्यांची रांग लागलेली, तेव्हा थांबायची सोय नाही. चिंतामणने पाना टाकून दिला आणि टोनीला दोन्ही हातांनी कवटाळलं. भुसा आणि चिंध्यांचा तो पुतळा, वजन असं काही नव्हतं त्याला, पण पट्ट्याची ओढ साच्याची होती. तिने चिंतामणला पावलाभराने बॉयलरकडे ओढलं. त्याने टाचा रोवल्या. पट्टा घसरून जळका वास सुटला. फडकं डोळ्यांवर आलं आणि ते वर करायला हात मोकळा नव्हता.

शिट्या थांबल्या. खालून लोक बघू लागले, की हा म्हातारा आता काय करतो आहे.

“बाबा!”

नीरज ट्रॉलीवर चढला होता. पीथमपूरहून बसने उतरून तसाच आलेला, निळ्या शर्टातच. बहुधा तो मघापासून ट्रॉलीमागून चालत असावा, आणि त्याने सगळं पाहिलंही असावं. चिंतामणला त्याच्याकडे बघवेना.

“तू पण पाहिलास?” त्याने टोनीच्या खांद्याआडून विचारलं.

“हो.”

“मग मी तुला टोनी, टोनी म्हणत होतो, तेव्हा बोलला का नाहीस?”

इतक्या गर्दीत, बापाच्या कानाशी, असलं काही बोलायची नीरजला सवय नव्हती.

“अच्छं वाटायचं, बाबा,” तो म्हणाला.

त्याच क्षणी पट्ट्याने पुन्हा हिसका दिला. टोनीचं डोकं बॉयलरच्या तोंडात गेलं. चिंतामणने त्याला सगळं बळ लावून मागे खेचलं, धाप लागली. साठीला आलेला माणूस, पुढे अर्धं शहर ओलांडायचं होतं, आणि राजवाडा अजून लांब होता.

“हात लाव,” तो नीरजला म्हणाला. “मला एकट्याला पेलत नाही.”